हलणाऱ्या जिवाचे रेखाटन

प्रश्न : पक्षी, खारी आणि कीटक रेखाटण्याची मला आवड लागली आहे आणि त्यासोबत निसर्गनोंदींची वही ठेवण्याचीही इच्छा आहे. परंतु डोळा आणि चोच काढून होईपर्यंत पक्षी उडून जातो व वहीत अर्धवट चित्रेच साठतात. त्यापेक्षा छायाचित्रांवरून चित्रे काढावीत का? चित्राशेजारी काय लिहावे?
– एक वाचक

उत्तर : आपली अडचण चित्र काढण्याच्या क्रमात आहे. डोळ्याचा आणि चोचीचा आकार पक्षी कसाही बसला तरी तोच राहतो. त्याची बसण्याची ढब मात्र क्षणभरच दिसते, म्हणून ती आधी टिपावी. पहिली रेघ पाठीच्या कलाची, मग धड आणि डोके यांचे दोन लंबगोल, मग शेपटीची दिशा. पक्षी हलला की ते चित्र तसेच सोडून शेजारी दुसरे सुरू करावे. प्राणी त्याच त्या हालचाली पुन्हा करतात. पिसे साफ करणारा पक्षी थोड्या वेळाने पुन्हा तशीच मान वळवतो आणि तेव्हा आधीचे चित्र पुढे नेता येते. खोडरबर सोबत नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोडण्यात गेलेला वेळ पाहण्यातून वजा होतो आणि चुकलेली रेघ डोळ्यांसमोर राहिली, तर पुढची कोठे हवी हे तिच्यावरूनच कळते.

शरीररचनेची थोडी माहिती असली की घाईतली रेघही खरी उतरते. पक्ष्याच्या पायात मागे वळलेला जो सांधा आपण गुडघा समजतो, तो वास्तविक घोटा असतो. गुडघा वर, बहुधा पिसांत झाकलेला असतो. कीटकाचे सहाही पाय वक्षभागातून निघतात, पोटातून नव्हे.

नखांची ठेवण, पिसांचे थर अशा बारकाव्यांच्या अभ्यासासाठी छायाचित्रे अवश्य वापरावीत. मात्र केवळ त्यांच्यावर विसंबल्यास काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरवण्याची सवय लागत नाही. सरावासाठी झोपलेले मांजर किंवा गोगलगाय उत्तम.

नोंदींमध्ये तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान असावेच. रंग भरायला सवड नसेल, तर बाण काढून रंगांची नावे लिहावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे दिसले ते आणि आपण लावलेला अर्थ वेगळे ठेवावेत. ‘पक्षी घाबरला’ असे न लिहिता ‘मान ताठ केली, पिसे अंगाला चिकटवली, हालचाल थांबवली’ असे लिहिले, तर पुढे अर्थ बदलला तरी नोंद उपयोगी राहते. जीव कोणत्या झाडावर होता, काय खात होता, हेही लिहावे. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती 1699 मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली आणि 1705 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिने अळी, कोश आणि फुलपाखरू बहुधा त्यांच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात दाखवले. जीव आणि त्याचे झाड यांचे नाते त्यामुळे एका नजरेत कळते. आपल्या वहीच्या पानावरही झाडाच्या एखाद्या पानाला जागा द्यावी.

घरट्याचे चित्र मात्र दुरूनच काढावे. पालकपक्षी पिलांना भरवणे थांबवून वारंवार आपल्याकडे पाहू लागला किंवा घरट्यापाशी यायला बिचकू लागला, तर चित्र अपुरे असले तरी तेथून तत्काळ दूर व्हावे.