तीन फुटी टाकीतला एक मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला मासा) बाकीच्यांना जगू देत नाही. तो दुकानात परत देऊ का?

नका देऊ. निदान लगेच तरी नका. परत देण्याचा सल्ला मला तीनदा मिळाला, तिन्ही वेळा मी तो पाळला आणि तिन्ही वेळा फसले, म्हणून सांगते.

२०१८च्या दिवाळीत नाशिकला इंदिरानगरच्या घरी आम्ही तीन फुटी टाकी घेतली. चार यलो लॅब आणि तीन ऑरेटस, दोन्ही मलावी सिक्लिडचेच प्रकार. ऑरेटस लहानपणी सगळे सारखेच, पिवळेधमक आणि अंगावर काळे पट्टे. दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, एकाच पिल्लावळीतले आहेत, भांडायचे नाहीत." संक्रांतीपर्यंत त्यातला एक काळा पडला, पट्टे निळसर झाले. म्हणजे नर. टाकीत लपायला म्हणून मी एकच फुटकी कुंडी आडवी ठेवली होती. ती त्याने बळकावली आणि बाकीच्या सहांना पळता भुई थोडी केली. एक यलो लॅब तर हीटर आणि काच यांच्या फटीत तोंड वर करून उभाच्या उभा लपायचा. शेपटीचा पर झिजून खराट्यासारखा झालेला. दाणे टाकले की अर्ध्यापर्यंत यायचा, काळ्याचं तोंड वळलं की परत फटीत. एका सकाळी तो तळाशी पडलेला दिसला.

माझा दादा अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्या रविवारी जेवायला आला होता. टाकीपुढे उभा राहून म्हणाला, "एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. काढ त्याला." मी काळा दुकानात देऊन आले.

चार-पाच दिवस शांततेत गेले. मग उरलेल्या दोन ऑरेटसपैकी एकाचं पोट धुरकट दिसायला लागलं. चुलीवरच्या पातेल्याचा तळ जसा आधी कडेकडेने काळवंडतो, तसं. मी त्या दोघांना माद्या समजत होते. नर दबलेला असतो तोवर मादीचाच रंग घेऊन राहतो, वरचा हटला की रंग बदलतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी तो पुरता काळा, आणि बसला कुठे, तर त्याच कुंडीत. तोही दिला. मग तिसरा काळा झाला. तोही दिला. या भानगडीत आणखी एक यलो लॅब गेला. शेवटी राहिले दोन यलो लॅब, सगळ्यात गरीब म्हणतात ते, तर त्यातला मोठा कुंडीत जाऊन बसला आणि धाकट्याला बाहेरून फिरू देईना!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भांडण त्या एका कुंडीचं होतं. मलावी सरोवरात हे मासे खडकाळ काठाला राहतात. नर एक कपार धरतो, हरलेला पुढच्या खडकाआड निघून जातो आणि विषय तिथेच संपतो. आपल्या टाकीत तो पळून पळून तीन फूट पळणार, मग काच. मारणाऱ्याला तो चोवीस तास समोर दिसतो.

मग मखमलाबादला मामांच्या मळ्यात विहीर खोदताना निघालेला काळा दगड आणला. घासून धुतला, उन्हात वाळवला. आपला हा बेसॉल्ट पाण्याला काही करत नाही. तळाला थर्माकोलचा पत्रा, त्यावर थेट दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. वाळूवर दगड रचू नका, हे मासे खालून उकरतात आणि रास कोसळून काच फुटते. रास पाण्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत नेली, भरपूर भोकं ठेवली, आणि एका जागेवरून अख्खी टाकी दिसणार नाही असं रचलं. नवे मासे एकेक न आणता आठ एकदम सोडले, आणि ती रात्रभर दिवा बंद ठेवला.

पुढे चार फुटी टाकी घेतली. आज तिच्यात अठरा मासे आहेत, आणि त्यात ऑरेटसचा नर आहे, पाच माद्यांसकट. तीन वर्षं झाली. पाठलाग रोज होतो, पण कोणाचा पर फाटलेला नाही. तो कोणाच्या मागे लागला की तीन सेकंदांत मधे दुसरंच कोणीतरी येतं.

दादा अजूनही म्हणतो, तुझं नशीब चांगलं. पण कारखान्यात दोघांचं वाजलं तर तो स्वतः काय करतो? एकाची शिफ्ट बदलतो, मशीन बदलतो. घरी कोणाला पाठवत नाही. मग माशाला नासका आंबा का म्हणायचं? मी त्याला हे तोंडावर विचारलंय. उत्तर अजून मिळालेलं नाही.

तुम्ही येत्या सुट्टीच्या दिवशी सगळे मासे बादलीत काढा, दगड पूर्ण मोडून नव्याने रचा. मारणाऱ्याला चार दिवस वेगळ्या डब्यात ठेवून शेवटी सोडा. परत येईपर्यंत त्याचा ताबा गेलेला असतो. एका नरामागे निदान तीन-चार माद्या हव्यात. हीटर २८वर असेल तर २५वर आणा. थंडीत मात्र बंद करू नका, नाशिकची डिसेंबरातली रात्र त्यांना झेपणार नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जास्त मासे ठेवायचा हा गर्दीचा उपाय मलावीच्या खडकाळ माशांपुरताच आहे. ऑस्कर किंवा अंडी राखणारी कॉन्व्हिक्टची जोडी असे दुसरे सिक्लिड असतील तर गर्दी केली की मुडदेच पडतील, आणि फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा. शिवाय गर्दी म्हणजे घाण जास्त. मी दर आठवड्याला ४० टक्के पाणी बदलते, एकदाही चुकवत नाही.

आणि तुमचा मासा ऑरेटसच असेल तर तीन फुटांत तो मावणार नाही, मोठी टाकी घ्यावी लागेल. नसेल जमत, तर मोठ्या टाकीवाल्याला द्या. दादा याला "शेवटी काढलाच ना" म्हणेल. म्हणू दे. जागा कमी म्हणून देणं वेगळं आणि गुंड ठरवून हाकलणं वेगळं.

तुमच्या टाकीत दगड किती आहेत, मासे किती आणि त्यात नर किती, हे प्रश्नात नाही. ते लिहा, मग नेमकं सांगता येईल.