जुने कपडे सुदानला कसे पाठवू? : एका जुन्या कुवेतवाल्याचं उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरकडच्या तुमच्या वाडीतल्या पोरांनी आणि चाकरमान्यांनी मिळून सुदानच्या युद्धात घरदार सुटलेल्या लोकांसाठी चाळीस पोती कपडे, अडीचशे किलो तांदूळ आणि बाळांच्या दूध पावडरीचे पंचवीस डबे जमवलेत, आणि आता कंटेनर कितीला पडतो, कुठल्या बंदरातून जातो हे विचारलंयस. काका म्हणून हाक मारलीस म्हणून काकाच्या हक्कानेच सांगतो, कंटेनर विसर. रागावू नको, पुढचं वाच, कारण असल्या मदतीच्या ट्रकासमोर मी स्वतः रांगेत उभा राहिलेला माणूस आहे.

1990 साल. मी 26 वर्षांचा, कुवेतला साल्मियात एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमधे. 2 ऑगस्टला पहाटे सद्दामचं सैन्य आत शिरलं आणि दुपारपर्यंत आमचा मालक गाडी काढून सौदीकडे पसार, आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. बाहेरचे फोन बंद. पगाराचे दिनार खिशात होते पण इराकने कुवेती दिनार इराकी दिनारच्या बरोबरीला आणून ठेवला आणि नंतर तर रद्दच केला, म्हणजे वर्षभर घाम गाळून साठवलेलं नुसतं कागद झालं. मग बसने बसरा, बगदाद, आणि तिथून जॉर्डनच्या हद्दीवर. इराकने सोडलं आणि जॉर्डनने अजून घेतलं नाही अशी मधली ओसाड पट्टी, तिथे तंबू. मी त्यात 11 दिवस होतो. पुढे अम्मानहून विमानं सुटली, दोन महिन्यांत 1 लाख 70 हजारांच्या आसपास भारतीय परत आले, ते सगळे आता अभिमानाने सांगतात, पण मधल्या त्या पट्टीबद्दल कोणी विचारत नाही.

तर त्या 11 दिवसांत कपडे कमी पडले असं मला एकदाही वाटलं नाही. पहिल्या दिवसापासून एकच, पाणी. टँकर आला की लोक अक्षरशः त्याच्यावर चढायचे, दांडगा माणूस भरून घ्यायचा आणि म्हातारी कोतारी रिकामा डबा घेऊन परत. आता मदतीच्या कामात स्फिअर म्हणून एक मापदंड आहे, जगभरच्या संस्था तो पाळायचा प्रयत्न करतात, त्यात माणशी दिवसाला कमीत कमी 15 लिटर पाणी धरलंय, पिणं, रांधणं, अंग धुणं सगळं मिळून. आपल्याकडे एका माणसाच्या आंघोळीला तेवढी बादली लागते! आम्हाला पहिले दिवस दोन-तीन लिटर मिळालं असेल, तेही उन्हाने चटके बसेल असं.

दुसरं, संडास. हे लिहायला लोक लाजतात म्हणून मुद्दाम लिहितो. पुरुष माणूस काय, लांब जाऊन बसला. पण आमच्या शेजारच्या तंबूत केरळच्या चार नर्सेस होत्या, त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, कारण प्यालं की जावं लागणार आणि उजेडात जायला आडोसा नाही. भर उन्हात, वाळवंटात, तहान दाबून. त्यातली एक तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली. मापदंडात 20 माणसांमागे एक संडास, बायकांचे वेगळे, आतून कडी आणि जवळ उजेड असं सांगितलंय, ते वाचताना मला ती पोरगीच आठवते. एक साधी कडी आणि एक बल्ब, पण याच्यासाठी कोणी पोती गोळा करत नाही कारण त्याचा फोटो निघत नाही.

तिसरं, घरी कळवणं. माझी आई रत्नागिरीला रोज पोस्टाच्या दारात जाऊन बसायची हे मला परत आल्यावर कळलं. तिथे एक रेडक्रॉसचा माणूस कागद घेऊन फिरायचा, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. मी त्याला दोनदा जिल्हा लिहून दाखवला. त्या दिवशी कोणी मला बिर्याणी आणि कागद यातलं एक घे म्हणाला असता तर मी कागद घेतला असता. आणि पासपोर्ट नसलेल्याला आपल्या दूतावासाचा शिक्क्याचा कागद मिळाला तेव्हा कुठे मी परत माणसात आलो. नंतर 1991 ला संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचं कमिशन काढलं, एकट्या माणसाला ठरावीक 4,000 डॉलर, त्यासाठी आम्ही तिकडे होतो याचा पुरावा लागला आणि तो शिक्क्याचा कागदच कामाला आला. पैसे यायला वर्षं गेली, त्यात माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती, पण आले.

आता कपडे. सातव्या का आठव्या दिवशी एक ट्रक आला आणि वरून गाठोडी फेकली. ढकलाढकलीत एका म्हाताऱ्याचा हात मोडला. माझ्या वाट्याला काय आलं तर कोणाचा तरी लोकरीचा जाड सूट, कोट-पँट-जाकीट. दुपारी 40 च्या वर तापमान आणि मी सूट घेऊन उभा! वाळवंटात रात्री गारठा पडतो, तेव्हा तोच कोट पांघरून झोपलो हेही खरं, तेवढं कबूल करतो.

चिपळूणला 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मी महिनाभर तिकडे होतो, तूही आला असशील. राज्यभरातून टेम्पो भरून कपडे आले आणि ते रस्त्याच्या कडेला चिखलात लोळत पडले, मग ते डंपरने उचलायला वेगळा खर्च. लोकांना तेव्हा काय हवं होतं, चिखल उपसायला पंप आणि फावडी, फिनेल, मीटर बघायला वायरमन, विहीर उपसून क्लोरीन टाकायला कोणीतरी. एका बाईने तर मला तोंडावर सांगितलं, भाऊ साड्या नको, दुकानाचं शटर उघडून द्या. आपल्याच कोकणात हे झालं तर समुद्रापलीकडे तुझ्या पोत्यांचं काय होईल ते तूच बघ. भाडं, कस्टम, पोर्ट सुदानहून आत न्यायचा ट्रक, वाटेत दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या चौक्या. तुमच्या कपड्यांच्या किमतीपेक्षा नेण्याचाच खर्च जास्त.

सुदानचं थोडं समजून घे. 15 एप्रिल 2023 ला तिथलं लष्कर आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज यांची जुंपली, तेव्हापासून 1 कोटीच्या वर माणूस घराबाहेर पडलाय. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही जिल्हे रिकामे केले तरी 2011 च्या जनगणनेने 51 लाखच भरतात, त्याच्या दुप्पट धर. यातले बहुतेक देशातच इकडून तिकडे पळालेत, बाकीचे चाड, इजिप्त, दक्षिण सुदान असे शेजारी. युद्धातून सुटलेली माणसं सगळी युरोपात जातात असं टीव्ही बघून वाटतं, तसं नाही, बहुतेक जण पहिल्या ओळखीच्या माणसाकडे थांबतात आणि तो बिचारा स्वतःच गरीब असतो.

मग पैसे पाठवायचे का, तर हो, पण त्यातही खोच आहे. बाजार चालू असेल तिथे रोख रक्कम सगळ्यात चांगली, कारण एकीला औषध हवं असतं, दुसरीला सरपण, तिसरीला बसचं भाडं, आणि ते तिचं तिला कळतं, आपल्याला नाही. पण बाजारच बंद असेल तर नोटा खाऊन पोट भरत नाही, माझे दिनार आठव. सुदानच्या अल-फशेर शहराला दीड वर्ष वेढा होता, ऑक्टोबर 2025 ला ते आरएसएफच्या हातात पडलं, त्या आधी तिथली माणसं अंबाझ खात होती. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, जी आपण म्हशीला घालतो. तिथे पैसा नाही, वाट मोकळी होणं हवं होतं, आणि ते तुझ्या माझ्या हातात नाही.

बाकी ठिकाणी मात्र खरं काम गल्लीतली पोरंच करतायत. तिकडे तकाया म्हणून सामुदायिक स्वयंपाकाची जुनी पद्धत आहे, आपल्या भंडाऱ्यासारखी समज, तीच धरून वस्तीवस्तीत मदत गट झाले, मोठ्या कढईत मसूर नाहीतर फूल म्हणजे बाकल्यासारख्या बिया शिजवायच्या आणि वाटायच्या. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. म्हणून देशील तर अशा गटांपर्यंत पैसा पोचवणाऱ्या नोंदणी असलेल्या संस्थेला दे, किंवा रेडक्रॉस, युनिसेफ, यूएनएचसीआर (निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था) यांना. वैयक्तिक खात्यातून बँकेमार्फत परदेशात देणगी देता येते, बँकेत एलआरएसचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेचा, फॉर्म माग. पण मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर त्याचा पैसा देशाबाहेर खर्च करायच्या आधी सीएला विचार, नाहीतर पुढच्या वर्षी हिशोबात अडकाल. आणि कोणी व्हॉट्सॅपवर क्यूआर कोड पाठवला म्हणून स्कॅन करू नको, एवढं तर सांगायला नको.

दूध पावडरचे डबे मात्र अजिबात पाठवू नको, हे मी हात जोडून सांगतो. छावणीत पाणी घाण, बाटली उकळायला सरपण नाही, डबा संपेपर्यंत आईचं दूध आटतं आणि मग बाळ जुलाबाने जातं. आईला जेवायला मिळालं तर ती बाळाला पाजते. सहा महिन्यांच्या पुढचं पोर खंगलं असेल तर त्याला शेंगदाण्याची पेस्ट असलेलं पाकीट देतात, त्यात पाणी घालावं लागत नाही हीच त्यातली हुशारी. कोणाला द्यायचं ते ठरवायला दंडाला रंगीत पट्टी, तुमच्या अंगणवाडीच्या बाईंकडे असते तीच, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल. एकदा साडेअकरा सेंटिमीटरचा दोरा गोल करून बघ केवढा दंड होतो तो.

जुलाबावरनं आठवलं. 1971 ला बांगलादेशचे 1 कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले, पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरातले तीसेक मरत होते ते तीन-चारावर आले. कंटेनर नाही, काही नाही!

आणि सुदानच का, असं मी विचारत नाही, मन आलं तिथे द्यावं. पण मणिपूरमधे मे 2023 पासून 60 हजारांच्या आसपास माणसं घर सोडून बाहेर पडली, पोरांच्या शाळा बदलल्या, कागदपत्रं जळाली. तिथे ट्रस्टच्या पैशाचा प्रश्न येत नाही आणि फोन करून विचारता येतं की बाबांनो काय हवंय. हे विचारणं विसरू नको, आम्हाला त्या पट्टीत कोणीच विचारलं नव्हतं.

तांदूळ तुमच्या तालुक्यातल्याच एखाद्या वसतिगृहाला देऊन टाक, पावसाच्या आत, नाहीतर टोके होतील. डबे दुकानदार परत घेत असेल तर घ्यायला लाव. राहिले कपडे. सुती साड्या आणि धोतरं वेगळी काढा, वाडीतल्या बायकांना गोधड्या शिवायला द्या, शिलाईचे पैसे त्यांना द्या, आणि शिमग्याला मुंबईकर येतात तेव्हा विका, चांगली गोधडी हजाराला हसत जाते. शिलाई देऊन उरलेले पैसे पाठवा. चाळीस पोती म्हणालास, त्यात साड्या किती आणि पॉलिस्टर किती ते आधी मोज आणि मला इथेच कळव.