कयाकसाठी एफडी मोडू का? आधी ती एफडी आहे का ते पाहा

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. लांब आहे, कामापुरतं देतो.

"वय ४३. मी वाहन उद्योगात नोकरीला, पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून १ लाख ३५ हजार हातात येतात. घराचा हप्ता ३८ हजार, कर्ज अजून २८ लाख बाकी. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८. सगळं भागून महिन्याला २६-२७ हजार उरतात. सेव्हिंग खात्यात ६० हजार आहेत. आम्ही तीन मित्र सहकुटुंब उजनीच्या बॅकवॉटरला मासे धरायला जातो, पळसदेवकडे एका मित्राची शेती आहे. काठावरून गळ टाकून कंटाळलो, आता मार्चमध्ये कयाक, म्हणजे छोट्या अरुंद होड्या, घ्यायच्या आहेत. पायाने पेडल मारायची एक १ लाख ४० हजार, साधी दोन सीटची ७० हजार, रॉड, फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र), गाडीवरचा रॅक मिळून ४० हजार. एकूण अडीच लाख. ते मी घालीन, मित्र वापरतील तसं भाडं देतील, शनिवार-रविवारी पर्यटकांना दिल्या तर महिन्याला १५ हजार सुटतील. बँकेत माझी ६ लाखांची एफडी आहे. दरवर्षी २ लाख भरतो, तीन वर्षं भरले, चौथे मार्चमध्ये. मुलीच्या शिक्षणासाठी आहे, शेवटी ४४ लाख मिळणार, शिवाय विमा फुकट. त्यातले अडीच लाख काढू की पर्सनल लोन घेऊ? पत्नीला अजून सांगितलेलं नाही."

एफडीच्या सर्टिफिकेटचा फोटोही त्यांनी जोडला आहे.

फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण ते एफडीचं सर्टिफिकेट नाही. वर विमा कंपनीचं नाव आहे, खाली विमा रक्कम २० लाख, प्रीमियम २ लाख, भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, सुरुवात मार्च २०२३. ही एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली. बँकेच्या टेबलावर विकली गेली म्हणून ती बँकेची ठेव होत नाही. एफडीत दरवर्षी पैसे भरावे लागत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून खरं तर शंका यायला हवी होती. आणि विमा फुकट नाही, त्याची किंमत तुमच्याच हप्त्यातून जाते.

तेव्हा कयाक जरा बाजूला ठेवू.

आधी ते ४४ लाख. तुम्ही २० लाख भरणार आणि ४४ मिळणार, म्हणजे दुपटीहून जास्त, असं तुम्हाला सांगितलं गेलं. किती वर्षांत, हे हळू आवाजात सांगितलं गेलं असणार. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं आत अडकतो. तेवढ्या काळात रुपयाचे सव्वादोन होत असतील तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या जरासा वर बसतो. तो करमुक्त आहे, मान्य. पण पीपीएफचे ७.१ टक्केही करमुक्तच आहेत आणि तिथे कुणाला कमिशन जात नाही. महागाई सहा टक्के धरली तर २० वर्षांनंतरचे ४४ लाख म्हणजे पॉलिसी घेतली तेव्हाचे १४ लाखसुद्धा नाहीत.

आणि मुलीचं शिक्षण! पैसे मिळणार २०४३ मध्ये. तेव्हा ती २९ वर्षांची असेल. कॉलेजची फी तिला सहा वर्षांनी लागणार आहे. पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या मॅडमनी मुलीचं वय विचारलं होतं की नाही, कोण जाणे. विचारलं असेल तर जास्तच वाईट.

यातून अडीच लाख काढता येत नाहीत. मोडायची तर पॉलिसी सबंध मोडायची, आणि तिथेही ६ लाख मिळणार नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडण्याचे, नियम ग्राहकाच्या बाजूला बरेच झुकले, पण तुमची पॉलिसी त्याआधीची. जुन्या नियमात किमान हमी अशी: तिसऱ्या वर्षात सोडली तर भरलेल्या प्रीमियमच्या ३५ टक्के, चौथ्यापासून सातव्या वर्षापर्यंत ५० टक्के. म्हणजे आज सोडलीत तर ६ लाखांचे २ लाख १० हजार. मार्चमध्ये चौथं वर्ष लागल्यावर, चौथा हप्ता न भरता सोडलीत, तर ३ लाख. नुसतं थांबल्याने ९० हजार जास्त. तुमच्या दोन सीटच्या कयाकची किंमत निघून वर पोरांची लाइफ जॅकेटं येतील. हा तक्ता तुमच्या बाँडमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदात, छापलेला असतो, तो स्वतः वाचा. कंपनी स्वतः ठरवते ते विशेष सरेंडर मूल्य याहून जास्तही असू शकतं, तो आकडा लेखी मागा. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका.

भरत राहिलात तर काय? मला ही पॉलिसी आवडत नाही, पण हिशोब प्रामाणिकपणे करायचा तर गेलेलं नुकसान विसरून इथून पुढचं पाहायला हवं. हातात येऊ शकणारे ३ लाख आत ठेवले, वर सात हप्ते भरले, आणि २०४३ ला ४४ लाख आले, तर इथून पुढचा परतावा पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडतो. वाईट नाही. मारायचं ते सुरुवातीच्या वर्षांनी मारून झालं आहे. तुमच्याकडे बाकी सगळं जागच्या जागी असतं तर मी कदाचित "भरत राहा" असंच म्हटलं असतं.

पण जागच्या जागी काहीच नाही. २ लाखांचा हप्ता म्हणजे महिन्याला पावणेसतरा हजार. उरणाऱ्या २६-२७ हजारांतून तो गेला की दहाच हजार राहतात. अडीअडचणीला खात्यात ६० हजार, म्हणजे तुमचा पंधरा-सोळा दिवसांचा खर्च. आणि २८ लाखांचं कर्ज, दोन मुलं असताना विमा आहे २० लाखांचा. उद्या तुम्हाला काही झालं तर त्या विम्यातून घराचं कर्जसुद्धा फिटणार नाही. पत्रात कंपनीच्या ग्रुप विम्याचा उल्लेख नाही. असला तरी तो नोकरीबरोबर जातो, त्यावर मदार नको.

तुम्हाला दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स लागतो, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा. कर्ज २८ लाख, घरखर्चाची दहाएक वर्षांची सोय ७०-७५ लाख, मुलांची शिक्षणं, एवढी साधी बेरीज आहे. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल आणि तब्येत बरी असेल तर वर्षाला ३० ते ४० हजारांत बसायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटीही नाही. "शेवटी काहीच परत मिळत नाही" म्हणून तो टाळू नका. प्रीमियम परत देणारा टर्म प्लॅन कुणी दाखवला तर पान उलटा.

अर्ज भरताना छंदांचा रकाना येईल. तिथे कयाक आणि मासेमारी सरळ लिहा. संथ पाण्यातल्या कयाकला कंपन्या सहसा फार घाबरत नाहीत, आणि घाबरून प्रीमियम थोडा वाढवला तरी चालेल. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी वर येते, तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता, पत्नी असते. अपघात विमा असेल तर त्यात साहसी खेळांचं वगळणूक-कलम आहे का, तेही बघून ठेवा.

आता क्रम. हा उलटासुलटा केलात तर घोटाळा होईल. आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या. मेडिकल होऊन पॉलिसी जारी झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. मार्चचा हप्ता चुकला तरी वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे सगळं होतं, पण अर्ज याच आठवड्यात टाका.

दरम्यान बँक आणि विमा कंपनी दोघांकडे लेखी तक्रार करा: एफडी म्हणून सांगून पॉलिसी दिली, प्रीमियम परत द्या. कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. पण फार आशा धरू नका. तुमची सही आहे, खातरजमेच्या फोनवर तुम्ही सगळ्याला "हो" म्हटलं असणार, आणि पॉलिसी परत करायची मुदत तीन वर्षांपूर्वीच उलटली. मॅडमचा एखादा व्हॉट्सॲप मेसेज असेल, "सर, तुमच्या एफडीचा हप्ता आलाय" असा, तर तो जपा. त्याचं वजन पडतं.

तक्रारीतून काही निघालं नाही तर प्रश्न उरतो सरेंडर की पेड-अप. पेड-अप म्हणजे पुढे भरायचं नाही, भरलेल्यावर जे होईल ते २०४३ ला घ्यायचं. कंपनीला विचारा, आज पेड-अप केली तर शेवटी किती? ३ लाख रुपये सात टक्क्यांनी १७ वर्षांत साडेनऊ लाख होतात. कंपनीचा आकडा त्याहून ठळक मोठा असेल तर पेड-अप ठेवा. साडेसहा-सात लाख सांगत असतील, तर एप्रिलमध्ये सरेंडर करा आणि ३ लाख खऱ्याखुऱ्या एफडीत टाका, त्याच बँकेत टाकायलाच हवेत असं नाही. सेव्हिंगचे ६० हजार धरून सव्वातीन महिन्यांच्या खर्चाची सोय झाली. हे पैसे कयाकचे नाहीत.

कयाकचे कुठले, मग? पर्सनल लोनचे तर नाहीतच. बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज काढून छंद करायचा नसतो.

पॉलिसी थांबली की पूर्ण २६-२७ हजार हातात राहतील. त्यातले तीनेक हजार टर्मचे. उरलेल्या २३-२४ मधले १४ हजार एप्रिलपासून सहा महिने बाजूला टाका, बाकीचे मुलीसाठी. सप्टेंबरअखेर ८४ हजार जमतात. अडीच लाखांचा तिसरा हिस्सा ८३ हजार! तीन कुटुंबं जाणार असतील तर तीन कुटुंबांनी पैसे घालावेत, पहिल्या दिवशी, सारखे. एकाने घ्यायचं आणि दोघांनी भाडं द्यायचं ही व्यवस्था पहिल्या तुटलेल्या पेडलपर्यंत टिकते. ते कुणी तोडलं, यावरून बायका आधी बोलणं सोडतात.

पर्यटकांचे महिन्याला १५ हजार हिशोबातून खोडा. ओळखीच्या चौघांनी पाण्यात उतरणं वेगळं आणि पैसे घेऊन अनोळखी माणूस उतरवणं वेगळं. दुसऱ्यात परवानगी लागते, विमा लागतो, काठावर कुणीतरी उभं लागतं. २१ मे २०२४ ला उजनीतच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. तुमच्या भाड्याच्या कयाकवरून कुणी पडलं तर ते प्रकरण १५ हजारांत मिटणार नाही. जलाशयातल्या मासेमारीचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात, तेव्हा स्वतःपुरता गळ टाकायचा तरी स्थानिक संस्थेला आणि पाटबंधारे खात्याला विचारून टाका. भिगवणच्या बाजाराला मासळी पुरवणाऱ्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

मार्चमध्ये घेऊन करणार काय होतात, हेही कळलं नाही. उन्हाळ्यात उजनी सहसा उण्यात जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरतं. पाणी आत सरकतं आणि मधे चिखल राहतो. पेडलच्या कयाकचं चाळीसेक किलोचं धूड त्या चिखलातून ओढत नेणार कोण? मे महिन्यात वळवाचा वारा, पुढे पावसाळा आणि माशांच्या विणीचा काळ. ऑक्टोबरमध्ये धरण सहसा भरलेलं असतं, सकाळी वारा पडलेला असतो, आणि गवताच्या कडेला मरळ धरायची तर काठावरून जे जमत नाही ते कयाकमधून जमतं. तोवर तुमचे ८४ हजारही तयार असतील. फेब्रुवारीपर्यंत महिन्यातून दोनदा गेलात तरी हौस फिटते. पाच वर्षांनी निम्म्या किमतीला विकल्या असं धरलं तर तुमच्या वाट्याचा खर्च वर्षाला आठ-नऊ हजार. तिघा कुटुंबांच्या दिवाळीतल्या एका ट्रिपपेक्षा कमीच. घ्या, खुशाल घ्या.

फक्त पेडलची आत्ताच नको. आधी दोन सीटच्या दोन साध्या घ्या, १ लाख ४० हजारांत होतील. मुलं पुढच्या सीटवर बसतील. पेडलचा हट्ट एक हंगाम काढल्यावर उरला तर बघू. आणि त्या ४० हजारांच्या यादीत फिश फाइंडर आहे, पण आठ आणि बारा वर्षांच्या मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं नाहीत. फाइंडर खोडा, जॅकेटं लिहा, तिन्ही कुटुंबांतल्या प्रत्येकाच्या मापाचं एकेक. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली जातं. चिलापी मासा कुठे आहे ते पळसदेवचा कुणीही सांगेल.

पत्नीला आज रात्री सांगा, कयाकचंही आणि पॉलिसीचंही. टर्मच्या अर्जात नॉमिनी त्याच असणार आहेत. कंपनीकडून सरेंडरचा आणि पेड-अपचा असे दोन्ही आकडे लेखी आले की बाँडच्या तक्त्याच्या पानासह पाठवा, मार्चच्या हप्त्याची तारीख यायच्या आत.