ड्यूटी सांभाळून प्रार्थना

प्रिय बाय,

नर्सची ड्यूटी सांभाळून रोज प्रार्थना कशी करावी, असं तू विचारलंस. तुझ्या पत्रातली एक ओळ आधी खोडून टाक: ‘निदान तासभर तरी बसायला हवं.’ नाईट करून आलेली नर्स तासभर बसायचं ठरवते तेव्हा पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा जमतं, दुसऱ्यात एकदा, आणि तिसऱ्यात तिला वाटू लागतं की आपण प्रार्थनेच्या लायकीच्याच नाही. पंधरा मिनिटं घे. सहा महिने त्यात वाढ करू नको, उत्साह आला तरीही. उत्साहात वाढवलेली मिनिटं कंटाळ्यात आधी कापली जातात, आणि मग मूळची पंधराही जातात.

वेळ घड्याळाला बांधू नको, ड्यूटीला बांध. सकाळची पाळी असेल तर उठून तोंड धुतल्यावर, चहाच्या आणि मोबाईलच्या आधी. दुपारची असेल तर आंघोळ झाल्यावर. नाईट असेल तर घरातून निघायच्या आधी. नाईटहून परतल्यावर बसायचा हट्ट नको, तेव्हा झोप. यात भक्तीची हेळसांड नाही. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलिया संदेष्टा खचून झुडपाखाली पडतो, मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा निजतो, मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी येते. शिफ्टवाल्यांनी हा अध्याय याच क्रमाने लक्षात ठेवावा.

बसायला साधी खुर्ची पुरे. पाठ ताठ, पावलं जमिनीला टेकलेली, हात मांडीवर. पलंगावर नको, पाच मिनिटांत डोळा लागेल. घरात आल्तार (वेदी) असेल तर त्याच्यासमोर, भाड्याच्या खोलीत असशील तर भिंतीवर एक खुरीस (क्रूस) लाव आणि तिच्याकडे तोंड करून बस. मेणबत्ती, मंद संगीत, ॲप यातलं काही लागत नाही. मोबाईल गजर लावून दुसऱ्या खोलीत ठेव, नाहीतर दर तीन मिनिटांनी वेळ बघायचा मोह होतो.

आता पंधरा मिनिटांचं काय करायचं. पहिली दोन नुसतं बसायला. खांदे सैल सोड, श्वास येतो-जातो तो येऊ दे, आणि आपण कोणासमोर बसलो आहोत एवढं मनात आण. पुढची पाच वाचनाला, नंतरची पाच शांत राहायला, शेवटची तीन बोलायला. हा क्रम जुना आहे. बाराव्या शतकात कार्थुसियन मठातल्या ग्विगो नावाच्या संन्याशाने वाचन, चिंतन, प्रार्थना आणि दर्शन अशा चार पायऱ्या मांडल्या. प्रत्यक्षात या पायऱ्या एकमेकींत मिसळतात, तेव्हा मिनिटं मोजत बसू नको. वाटणी एवढ्यासाठीच की सगळा वेळ वाचनात जाऊ नये. शिकलेल्या माणसाची पहिली चूक हीच: एक अध्याय, मग तळटीप, मग दुसरा संदर्भ, आणि गजर वाजतो.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात कर. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, १६ अध्यायांचं. रोज सात-आठ ओव्या (बायबलची वचनं) घेतल्यास तर साधारण तीन महिने जातील. नमुन्यादाखल दहावा अध्याय, ४६ ते ५२ घे. बार्तीमय आंधळा यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसला आहे. पहिल्यांदा ओठ हलवत, हळू वाच. दुसऱ्यांदा वाचताना अडखळशील तिथे थांब. तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो अधिकच ओरडतो. येशू थांबतो. आंधळा अंगरखा टाकून उठतो. आणि मग तो प्रश्न: मी तुझ्यासाठी काय करावं, असं तुला वाटतं? आंधळ्याला हा प्रश्न कशाला विचारायचा, हे कोड्यासारखं सोडवू नको. तो प्रश्न स्वतःला विचारला गेला असं धर आणि खरं उत्तर दे. उत्तर ‘झोप’ असेल तर झोप माग. काही दिवस आपण आंधळ्याच्या जागी नसतो, गप्प करणाऱ्या गर्दीत असतो. वॉर्डात सारखी बेल दाबणारा पेशंट आठवला तर तो विचार झटकू नको, त्या दिवसाचं वाचन तेच.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, मन प्रसंगाचा सिनेमा करतं, धूळ, उंट, कपडे, आणि आपण प्रेक्षक होऊन बसतो. दुसरी, आपण वाचता वाचता दुसऱ्या कोणासाठी प्रवचन तयार करू लागतो. ‘हे सिस्टरला ऐकवायला हवं’ असं मनात आलं की समज, गाडी रुळावरून उतरली. परत ओवीवर ये.

भाषेचं तू विचारलं होतंस. मिस्सा (चर्चमधली उपासना) कोंकणीत, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोंकणीत, घरचं बोलणं आणि बायबल मराठीत, मग एकांतात कोणती? दचकल्यावर तोंडून जी निघते ती. गोव्यात मराठीतली ख्रिस्ती भक्ती ही काही उपरी गोष्ट नव्हे. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इथे आले, आणि त्यांचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. तेव्हा मराठीतून प्रार्थना करताना संकोच नको, आणि तेर्स कोंकणीत म्हणताना कमीपणाही नको.

शांततेच्या पाच मिनिटांत विचार येणारच: औषधांचा ट्रॉली-स्टॉक, बँकेचा हप्ता, भावाचं लग्न. त्यांना हाकलण्यात शक्ती घालवू नको. एखादं लहान वाक्य जवळ ठेव. पूर्वेकडच्या ख्रिस्ती संन्याशांची शतकानुशतकं चालत आलेली प्रार्थना सोपी आहे: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पापिणीवर दया कर’. तिचं मूळ लूकच्या १८व्या अध्यायातल्या जकातदाराच्या आणि यरीहोच्याच आंधळ्याच्या हाकेत आहे. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही, किती वेळा म्हटलं ते मोजायचं नाही. विचार आला हे कळलं की वाक्यावर परत. पाच मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तरी ती पाच मिनिटं फुकट गेली असं धरू नको, परत येणं हाच सराव. झोप आली तर डोळे उघड, उभी राहा.

दिवसभरात मात्र असं बसता येत नाही, आणि बसूही नये. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत. ते काम त्यांना मुळात नावडतं होतं, पण भांड्यांच्या खडखडाटातही देव तितकाच जवळ असतो, असं ते सांगत. तुझ्या कामात यासाठी जागा आधीच आहे. साबणाने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, हे तुला मी सांगायला नको. ‘आमच्या बापा’ सावकाश म्हटलं तर साधारण तेवढ्यातच होतं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुशील तेव्हा ते म्हण आणि शेवटी पुढच्या पेशंटचं नाव घे. घाईने हॅन्डरब चोळून निघालीस तर नुसतं नाव पुरे. पण इंजेक्शनचा डोस काढताना, ठिबकचा वेग मोजताना, चार्ट लिहिताना प्रार्थना म्हणायची नाही. त्या क्षणी सगळं लक्ष औषधावर ठेवणं हेच तिथलं देवाचं काम. ‘जप चालू होता म्हणून दशांश चिन्ह चुकलं’ ही भक्ती कोणाच्याही कामाची नाही. स्कूटरचंही तसंच: झुआरी पुलावर जपमाळ बोटांत नको.

बारा वाजता गावात चर्चची घंटा होते, ती वॉर्डात ऐकू येणार नाही. मोबाईल नुसता थरथरेल असा गजर लाव. त्या वेळच्या आंजेलूस प्रार्थनेत तीन वचनं आणि तीन ‘नमान मोरिये’ (मरियेला वंदन) असतात, दोन-तीन मिनिटांचं काम. ड्रेसिंग चालू असेल तर सोडून दे, साडेबाराला उरकून घ्यायची गरज नाही.

रात्री दहा मिनिटं दिवस तपासायला ठेव, नाईट असेल तर दुपारी उठल्यावर. येशूसंघाच्या संस्थापक संत इग्नासने यासाठी पाच टप्पे सांगितले: आभार, प्रकाशाची याचना, दिवस उलटून पाहणं, क्षमा, उद्याचा निश्चय. आभार पहिले का, तर चुकांपासून सुरुवात केली की माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. आभार नेमके असू देत. ‘सगळ्यासाठी’ असं नको, ‘सात नंबरच्या आजीने आज पेज खाल्ली’ असं. दिवस उलटताना तासातासाने जा आणि विचार: कुठे मन मोकळं होतं, कुठे आवळलं? समज, हॅन्डओव्हरच्या वेळी एक नोंद राहून गेली आणि तू ती सफाईच्या बाईवर ढकललीस. तिथे थांब. ‘मी रागीट आहे’ असा मोघम निष्कर्ष काढू नको. काय झालं? इन्चार्जची भीती वाटली. मग क्षमा माग, आणि उद्याचा निश्चय एकच ठेव: पाळी सुरू होताच तिला गाठून सांगायचं, आणि इन्चार्जलाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं सांगितलं आहे. ते वहीत क्षमा मागून भागत नाही.

वहीत तीन ओळी पुरेत. जास्त लिहू लागलीस की वही वाचकासाठी लिहिली जाते. आणि प्रत्येक चूक चिमट्यात धरून बघायची सवय लागली तर आवर घाल. जखमेची खपली रोज उचकटून पाहणाऱ्या पेशंटला तू काय सांगतेस? कुमसाराला (धर्मगुरूपाशी पापांची कबुली द्यायला) जाऊन आल्यावरही तीच गोष्ट पुन्हा पुन्हा छळत असेल तर तपासणी काही आठवडे फक्त आभारावर थांबव, आणि एकाच धर्मगुरूकडे जा.

घरच्या तेर्साबद्दल थोडं कडक बोलतो. एकांतातलं ध्यान सुरू झालं की तरुणांना आजीचा तेर्स यांत्रिक वाटू लागतो. काही घरांत तो आगगाडीच्या वेगाने होतो हे खरं. पण सात वाजता सगळं घर एका जागी गुडघे टेकतं आणि शेवटी लहानं मोठ्यांकडून बेसांव (आशीर्वाद) घेतात, हे तुझ्या पंधरा मिनिटांनी भरून निघणारं नाही. तेर्साच्या पाच दहाकांत येशू-मरियेच्या आयुष्यातली पाच रहस्यं (प्रसंग) असतात, त्यातलं एकच निवड आणि त्या दहा ‘नमान मोरिये’ संपेपर्यंत त्याच प्रसंगात राहा. बाकीची चार आजीच्या वेगाने जाऊ देत. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी लादाईन (सामूहिक प्रार्थना) असते तिथेही जा, आणि नंतरच्या चण्यांसाठीही थांब. शेजाऱ्यांची खबर तिथेच कळते, कोणाला औषधपाण्याची मदत हवी तेही.

कोरेज्माचा (ईस्टरआधीच्या काळाचा) उपवास नियमाने सोपा आहे: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण, एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी. आजाऱ्याला सूट आहे, ड्यूटीवर चक्कर येऊन पडणं कोणी मागितलेलं नाही. शुक्रवारी मटण वर्ज्य करून इसवणाची तळलेली तुकडी खाणं हा गोव्यात त्याग म्हणवत नाही, एवढंच म्हणतो. मासळीचे पैसे वाचवून कोणाला तरी दे, किंवा मोबाईल रात्री नऊला बंद कर.

कोरडेपणा बहुतेक तीन-चार महिन्यांत येतो. ओव्या लाकडासारख्या वाटतात, खुर्चीवर बसवत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियसने याला दुपारचा सैतान म्हटलं. सूर्य हलतच नाही असं वाटतं, माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, कोणी भेटायला येतंय का पाहतो, आणि ही जागाच आपल्यासाठी बरोबर नाही अशी खात्री होते. आपल्याकडे दुपारी दुकानं बंद असतात त्या वेळेत हे वर्णन वाचून बघ. इग्नासचा नियम असा की अशा काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसायचं. पंधराची सोळा मिनिटं, एवढंच. वेळ, जागा, पुस्तक, पद्धत यातलं काहीही कोरड्या आठवड्यात बदलू नको. आधी तीन साध्या गोष्टी बघ: झोप किती झाली, सलग किती नाईट झाल्या, आणि कोणाशी न मिटलेलं भांडण आहे का. तिन्ही ठीक असूनही उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, भूक-झोप गेली, तर डॉक्टरांना भेट. वॉर्डात दुसऱ्याला तेच सांगितलं असतंस.

हे सगळं एकटीने चालवायचं नसतं. महिन्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, एकाच मार्गदर्शकाशी बोल. गोव्यात याची परंपरा आहे. हणजुणेचे फादर आग्नेल द सौझा रायतूरच्या सेमिनारीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) १९१८ पासून १९२७ मध्ये वारेपर्यंत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. मार्गदर्शक धर्मगुरूच हवा असं नाही, मठातल्या अनुभवी सिस्टरही चालतील. कुमसार वेगळा, ही भेट वेगळी. जाताना अर्धं पान लिहून ने: महिन्यात किती दिवस बसलीस, कोणत्या ओव्यांवर अडखळलीस, घरी आणि वॉर्डात वागण्यात काय फरक पडला. तिसऱ्या मुद्द्यावर जास्त वेळ घे, कारण पहिल्या दोन्हींत स्वतःला फसवणं सोपं जातं. ज्यांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नको. जे विचारतात, गप्प बसून ऐकतात आणि मागच्या महिन्यात तू काय म्हणालीस ते लक्षात ठेवतात, ते धरून ठेव. आधी फोन करून वेळ ठरव, आणि दुपारी दोन ते चारमध्ये करू नको, तेव्हा सेमिनारीतही झोपलेले असतात.

तुझा,
एक वडीलधारा स्नेही