ताकेदा किल्ला: ढगांसाठी कुठे उभं राहायचं?

ढगांवर तरंगणारा जपानमधला ताकेदा किल्ला बघायचा असेल, तर पहाटे किल्ल्यावर जाऊ नका. तिथून फक्त खालचं धुकं दिसतं. तो फोटो समोरच्या डोंगरावरच्या रित्सुउनक्यो इथून निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. आदली रात्र निरभ्र हवी, वारा पडलेला हवा आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक हवा, तरच मारुयामा नदीचं धुकं दरीत साचतं. ऊन चढलं की ते विरतं, म्हणून उजाडण्याआधीच वर पोहोचा.

किल्ला नंतर सावकाश बघा. ताकेदा स्टेशनमागची पायवाट उभ्या चढाची आहे, साधारण 40 मिनिटं धरा. माथा 353 मीटरवर. वाडे, बुरूज काहीच उरलेलं नाही, पण अनघड दगडांचे तट जरूर निरखा: मोठ्या दगडांच्या फटींत बारीक दगड ठासलेत, त्यातून पाणी झिरपून जातं. जानेवारी-फेब्रुवारीत किल्ला सहसा बंद असतो, तारखा आधी तपासा.