घरून ऑनलाइन परीक्षा: अभ्यास झाला, घराचं काय?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या ताईंचा प्रश्न असा: मुलगी बारावीनंतर मे महिन्यात घरूनच डुओलिंगोची, परदेशी विद्यापीठांत चालणारी इंग्रजी परीक्षा देणार आहे, धाकटा नववीत असून विद्यार्थी विज्ञान मंथन या शाळकरी मुलांच्या विज्ञान परीक्षेला बसणार आहे. सरावात दोघांनाही गुण बरे पडतात. तर आणखी काय तयारी करायची, आणि घरी लाइनचा (विजेचा) भरवसा नाही म्हणून सायबर कॅफेत बसवलं तर चालेल का? मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि 2020 पासून पोट्ट्यांना अशा परीक्षांना बसवत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. ऑनलाइन परीक्षा म्हणजे घरची परीक्षा नव्हे. जेईई मेन, एमएचटी-सीईटी, अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची आताची डिजिटल सॅट, या सगळ्या संगणकावर होतात पण केंद्रावर. तिथे लाइन गेली, संगणक बिघडला, तर ती केंद्राची डोकेदुखी. घरी ती तुमची. 2020 मध्ये अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाने (सॅट घेणारी संस्था) ती घरून घ्यायचं ठरवलं होतं आणि मग सोडून दिलं, कारण प्रत्येक मुलाच्या घरी तीन तास अखंड, व्हिडिओ चालेल असं इंटरनेट मिळेलच याची खात्री देता येईना. तिथे ही गत, तर आपल्या मानेवाडा-हुडकेश्वरचं काय घेऊन बसलात!

त्याच कॉलेज बोर्डाच्या एपी परीक्षा (शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय घेणाऱ्यांसाठीच्या) मात्र त्या मे महिन्यात घरून झाल्या. बहुतेक पेपर 45 मिनिटांचे, जगभर एकाच वेळी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊनंतर आणि काही तर मध्यरात्र उलटल्यावर. बऱ्याच मुलांनी उत्तरं कागदावर लिहून फोटो काढले आणि ते चढेचनात. आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो आणि परीक्षेच्या पोर्टलला तो प्रकार चालत नव्हता. दुसऱ्या आठवड्यापासून ईमेलने उत्तरं पाठवायची सोय झाली, पण आधीच्या आठवड्यात अडकलेल्यांना जूनमध्ये पुन्हा बसावं लागलं. कॅल्क्युलस कोळून प्यालेली मुलं फाइलच्या प्रकारावर अडली. म्हणून माझ्याकडे सराव म्हणजे नुसते प्रश्न सोडवणं नाही. लॉगिनपासून ‘सबमिट झालं’ असं पडद्यावर दिसेपर्यंत सगळं, त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वेळेला.

आता मुलीबद्दल. डुओलिंगोची परीक्षा तासाभराची, निकाल साधारण दोन दिवसांत. या दोन दिवसांत काय होतं ते पालकांच्या ध्यानात येत नाही: परीक्षेचं चित्रीकरण तपासलं जातं, आणि नियम मोडलेला दिसला तर गुण प्रमाणित होत नाहीत. म्हणजे परीक्षा देताना सगळं ठीक वाटलेलं असतं आणि नंतर पाणी फिरतं. खोलीत दुसरं कुणी नको, हेडफोन नको, कान झाकलेले नकोत (केस मागे बांधा), नजर पडद्यावरून हलायला नको, परीक्षेच्या खिडकीबाहेर जायचं नाही.

यात सगळ्यात अवघड नजर. आपली मुलं विचार करताना छताकडे बघतात, खाली बोटं मोजतात, वाचताना ओठ हलवतात. आपल्या दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत याला कुणी हरकत घेत नाही, इथे तेच संशयाचं कारण ठरू शकतं. सांगून ही सवय जात नाही, कारण मुलांना ती आपल्याला आहे हेच माहीत नसतं. मी काय करतो, सराव चालू असताना लॅपटॉपच्याच कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग करायला लावतो आणि नंतर ते त्यांनाच बघायला देतो, आवाज बंद करून. पहिल्यांदा हसतात. मग गप्प होतात. दोन-तीनदा बघितलं की नजर आपोआप स्थिरावते. एवढी एक गोष्ट केलीत आणि बाकीचं सगळं सोडलंत तरी माझी हरकत नाही.

दुसरी सवय, अवघड प्रश्न सोडून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं. जेईईत ती कामाची आहे. सीईटीतही चालते, पण भौतिक-रसायनचा 90 मिनिटांचा भाग संपला की तिकडे परतता येत नाही. डुओलिंगोत परतीची वाटच नाही. उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे-कठीण होत जातात आणि गेलेला प्रश्न गेला. अचानक कठीण प्रश्न यायला लागले की मुली घाबरतात. तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती हातपाय गाळणार नाही.

टायपिंगकडेही बघा. मोबाईलवर अंगठ्याने सुसाट लिहिणारी मुलगी कीबोर्डवर एकेक अक्षर शोधते, आणि शोधायला मान खाली घालते, म्हणजे पुन्हा नजरेचाच मामला. मोबाईलसारखा पुढचा शब्दही तिथे सुचवला जात नाही. आतापासून रोज थोडा वेळ एखाद्या विषयावर इंग्रजी परिच्छेद टाइप करू द्या.

आता लाइन आणि ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि संध्याकाळी वादळ सुटलं की फांद्या तारांवर. त्यामुळे वेळ निवडता येत असेल तर सकाळी सात-आठची घ्या. वस्ती शांत, खोली थंड, आणि मुख्य म्हणजे कूलर बंद ठेवता येतो. नागपुरात कूलरच्या आवाजाची आपल्याला इतकी सवय झालेली असते की तो ऐकूच येत नाही, माइकला मात्र सगळा येतो. बोलायच्या प्रश्नांत तिचं उत्तर त्या घरघरीत बुडेल. दुपारीच बसावं लागलं तर आधी तासभर खोली गार करून घ्या आणि परीक्षा सुरू होताना कूलर बंद करा. पंखा डोक्यावर फडफडत असेल तर तोही हळू.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात आणि राउटरचा सॉकेट नेमका राहून गेलेला असतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा खटका असेल तर तो चालू ठेवा, नाहीतर लाइन जाताना झटका बसून राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. राउटरपुरता छोटा यूपीएस सीताबर्डीत मिळतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात ना ते बघा. याउपरही एक गोम आहे. केबलवाल्याचं नेट असेल आणि त्याचं नेट वाटून देणारं यंत्र (स्विच) गल्लीतल्या खांबावरच्या डब्यात असेल, तर वस्तीची लाइन गेली की तुमचा राउटर जिवंत असून नेट मेलेलं. हे कळायला सोपा उपाय: एखाद्या दिवशी लाइन गेली की घड्याळ लावून बघा, नेट किती वेळ टिकतं. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असली की महावितरण ग्राहक क्रमांकाशी जोडलेल्या मोबाईलवर मेसेज पाठवतं. तो नंबर जुना असेल तर बदलून घ्या.

पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा. पण डुओलिंगोला आता मोबाईल दुसरा कॅमेरा म्हणून बाजूला लावावा लागतो, त्यामुळे हॉटस्पॉटचा फोन वेगळा हवा. त्या तासात घरातल्या बाकी फोनांचं वायफाय बंद. व्हिडिओ घरातून बाहेर जात असतो, तेव्हा स्पीड तपासताना डाउनलोडवर खूश होऊ नका, अपलोड बघा.

लॅपटॉप दुसऱ्याकडून आणणार असाल तर आधी आणा. कुणाच्या ऑफिसचा असेल तर त्यावर परीक्षेचं अ‍ॅप टाकायची परवानगीच नसते, हे ऐन वेळी कळतं. विंडोजचं अपडेट थांबवून ठेवा, एनीडेस्कसारखं, दुसरीकडून लॅपटॉप चालवता येणारं काही असेल तर काढून टाका. तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. ओळखपत्राची मुदत आजच बघा.

मग घरची मंडळी. खरं तर सराव त्यांचाही घ्यावा लागतो. एका रविवारी पूर्ण परीक्षा लावा, दाराला कडी, बेलचं बटण बंद, आजींना आणि कामवाल्या मावशींना आधी सांगून. मधेच तुम्ही स्वतः मेन स्विच बंद करा. हो, मुद्दाम. मुलगी काय करते ते बघा: ओरडते, उठून बाहेर येते, की जागेवर बसून हॉटस्पॉट जोडते. उठली तर पुढच्या रविवारी पुन्हा. तुटलेली परीक्षा पुढे चालू होते की नव्याने द्यावी लागते याचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तो तिने आधीच वाचलेला असावा. आणि ‘पोरगी बरोबर करतेय ना’ म्हणून दार किलकिलं करून बघणारे बाबा कॅमेऱ्यात दिसतात, हे बाबांना तुम्हीच सांगा, माझं ऐकायचे नाहीत.

धाकट्याचं फार अवघड नाही. विज्ञान मंथन मराठीतही देता येते; घरच्याच मोबाईलवर किंवा संगणकावर, ठरलेल्या दिवसांपैकी एका दिवशी. लॉगिन एकदाच, म्हणून ‘बघू तरी कसं दिसतं’ करत आत शिरायचं नाही. मोबाईलवर देणार असेल तर फोन येणं बंद करा. शेजारी बसून उत्तरं सुचवायचा मोह मोठ्या बहिणीलाही होईल आणि तुम्हालाही. पुढची फेरी गाठली तर तिथे तो एकटाच असेल.

राहिला सायबर कॅफे. नको. शेजारी माणसं, आवाज, दुसऱ्याचा संगणक. डुओलिंगोच्या नियमात ते बसणारच नाही. त्यापेक्षा धरमपेठ, प्रतापनगरकडे कुणी नातेवाईक असतील, तिकडे लाइन टिकत असेल आणि दार लावता येईल अशी खोली मिळत असेल तर तिथे बसवा. फक्त रविवारचा सराव मग त्यांच्याच घरी घ्यावा लागेल, मेन स्विचसकट, तेव्हा आधी त्यांना विचारून घ्या.