ग्राउंडवर मन का लागत नाही?

"मॅडम, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण ग्राउंडवर मनच लागत नाही. मी आळशी झालेय का?" नुकती शुगर निघालेले, निवृत्त झालेले, दहावीतल्या मुलांच्या आया, माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या सगळ्यांचं गाऱ्हाणं हेच. आता सल्ला देण्याआधी मी विचारते: तुमचं ग्राउंड दिसतं कसं?

इंदिरानगरकडच्या 52 वर्षांच्या एका बाई (ओळख बदलली आहे). चार भेटी जिद्द, वेळापत्रक आणि सुनेचे टोमणे यातच गेल्या. पाचव्या भेटीत विचारलं, "चालताना थांबता कुठे?"

"पाण्याच्या टाकीपाशी."

"तिथेच का?"

बराच वेळ गप्प. बोटानं पदराची कड गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "तिथे एक कडुनिंब आहे ना. बाकी नुसते पेव्हर ब्लॉक. एप्रिलात साडेपाचलाही खालून झळ येते." आणि एकदम हसल्या. "म्हणजे मी आळशी नाही?"

नव्हत्याच. माणसाचा दोष शोधण्याआधी जागेचा शोधावा, या मताची मी. संशोधक रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये मांडलेलं निरीक्षण मी अनेकांना सांगते: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. दवाखाना वेगळा, ग्राउंड वेगळं, हे खरं. तरी डोळ्यांना विसावा लागतो, तो इथेही लागतोच.

ठरलं ते साधं होतं. पहिली 10 मिनिटं कडुनिंबाखाली बसायचं, फोन पिशवीत. मग झाडाभोवती छोट्या फेऱ्या. मोठा ट्रॅक ऊन उतरल्यावर. महिन्याभरात त्या 35 मिनिटं चालू लागल्या, आणि कॉलनीच्या बैठकीत झाडांचा विषयही त्यांनीच काढला.

तुमच्याकडे असा विषय निघालाच, तर आधी दिशा बघा. संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून सावलीच्या झाडांची रांग ग्राउंडवरच्या खेळाच्या कोर्टच्या पश्चिमेला हवी, कडेपासून 10-12 फूट सोडून. जवळ लावलं की पाला कोर्टवर पडतो, पाय घसरतो, आणि मग कुऱ्हाड झाडावरच येते. खड्डा 3 फूट लांब, रुंद, खोल. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळं उघडी पाडते. म्हणून तिच्यात मुरूम आणि शेणखत मिसळायचं. भरावात राडारोडा असेल तर तो आधी उपसायचा. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर. पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, दर झाडाला 20 लिटर पाणी. आळ्यात पाल्याचा 3 इंची थर, पण खोडाला न टेकवता. पेव्हर खोडापर्यंत भिडवू नका. 3 फूट माती मोकळी ठेवा.

कडुनिंब, करंज, ताम्हण चालतील. बहावा देखणा, पण ऐन उन्हाळ्यात फुलतो तेव्हा पानं गळालेली असतात, सावली कसली? गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. सप्तपर्णी फुलली की उग्र वासानं अनेकांचं डोकं धरतं.

झुडपं मात्र 2 फुटांच्या वर जाऊ देऊ नका. दाट झुडपांपलीकडचं दिसत नाही, म्हणून अंधार पडला की बायका तिकडे फिरकत नाहीत. हे बागवाले विसरतात, माझ्याकडे येणाऱ्या बायका विसरत नाहीत.

परवा त्या बाई नवी तक्रार घेऊन आल्या होत्या: संध्याकाळी कडुनिंबाखालच्या बाकावर जागाच मिळत नाही.